एक ‘जर’ माफ : कुमारवाचक आणि विज्ञानकथा
(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

सुट्टीच्या अंकासाठी विज्ञानकथांविषयी प्रश्न मागवले होते. पत्रे प्रामुख्याने पुण्यातून आणि आसपासच्या भागातून आली. एकाच विषयावरची पत्रे एकत्र करून ही उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे, सेमी-इंग्रजी माध्यम. जादूच्या जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या ती आठवड्यात संपवते. पण विज्ञानकथेचं पुस्तक दिलं की “हा तर परत सायन्सचाच धडा आहे” म्हणून बाजूला ठेवते. मराठीतून सुरुवात कशी करावी?
– एक पालक, कोथरूड

तिची तक्रार खरी असण्याची शक्यता दाट आहे. विज्ञानकथा म्हणून मुलांना दिल्या जाणाऱ्या कित्येक पुस्तकांत शास्त्रज्ञ काका पुतण्याला समोर बसवून तीन पाने माहिती सांगतात आणि पुतण्या अधूनमधून “अस्सं होय!” म्हणतो. असे पुस्तक बाजूला ठेवणारी मुलगी चांगली वाचक आहे. विकत घेण्याआधी पुस्तक मधेच कुठेतरी उघडा आणि चार पाने वाचा. कुणाला तरी काहीतरी हवे आहे आणि त्यात अडथळा आहे, एवढे त्या चार पानांत दिसले पाहिजे. नुसतीच माहिती दिसली, तर पुस्तक परत ठेवा, मुखपृष्ठ कितीही देखणे असो.

सुरुवात कादंबरीने करू नका, कथेने करा. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहातली ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा या वयाला फार चांगली. तिच्यात क्रिकेट आहे आणि शेवटपर्यंत न सुटणारे कोडे आहे. तिने कथा वाचली की घरी एक प्रयोग करून बघा. कोड्याची किल्ली त्यातच असल्यामुळे तो आधी दाखवायचा नाही.

स्टेशनरीच्या दुकानात ए-फोर आकाराची पारदर्शक ओएचपी शीट मिळते. तिच्या लांब बाजूने ३ सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापा. पट्टीच्या मध्यावर पर्मनंट मार्करने गणपतीची बाह्याकृती काढा, सोंड डावीकडे वळलेली. उरलेल्या शीटचा छोटा तुकडा कापून त्यावर तीच आकृती गिरवा. आता पट्टीच्या एका टोकाला अर्धा पीळ द्या, म्हणजे टोक फक्त एकदा उलटे करा, आणि दोन्ही टोके सेलोटेपने जोडा. ही झाली मोबियसची पट्टी. छोटा तुकडा पट्टीला चिकटून, न उचलता, सरकवत न्या. एक फेरी पूर्ण होऊन तो मूळ चित्रावर आला की सोंड उजवीकडे वळलेली दिसते. आणखी एक फेरी मारली की पुन्हा डावीकडे.

हा प्रयोग साध्या कागदावर केला की फसतो. तुकडा कागदाच्या मागच्या बाजूला पोचतो आणि मूल म्हणते, “मागे गेला, एवढंच!” भूमितीतल्या पृष्ठभागाला जाडी नसते, म्हणून त्याला ‘मागे’ असे काही नसते. हे पारदर्शक पट्टीवरच दिसते. दुसरी चूक म्हणजे अर्ध्याऐवजी पूर्ण पीळ बसणे. तपासायला कागदाच्या पट्टीवर तसाच पीळ देऊन पेन्सिल न उचलता मधोमध रेघ ओढा. रेघ दोन्ही बाजूंनी फिरून सुरुवातीला आली तर पीळ बरोबर. एकाच बाजूने आली तर टोके सोडवून पुन्हा जोडा.

पुढची कथा कोणती ते तिलाच निवडू द्या. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांचा एकेक कथासंग्रह घरात दिसेल असा असला की पुरे.

प्रश्न : गोष्टीतलं विज्ञान खरं की खोटं, हे कसं ओळखायचं? वर्गात यावरून वाद होतात. आणि ते खोटं निघालं तर पुस्तक वाईट का?
– इयत्ता नववी, शनिवार पेठ

हिशेब करून ओळखायचे. तुझ्याकडे लागणारे सूत्र आहे. गतीच्या नियमांच्या धड्यातले तिसरे समीकरण : अंतिम वेगाचा वर्ग बरोबर सुरुवातीच्या वेगाचा वर्ग अधिक दोन गुणिले त्वरण गुणिले अंतर.

फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या १८६५ सालच्या कादंबरीत माणसे तोफेच्या गोळ्यात बसून चंद्राकडे निघतात. तोफ ९०० फूट लांब आहे, म्हणजे सुमारे २७४ मीटर. गोळा सेकंदाला १२,००० यार्ड वेगाने बाहेर पडतो, म्हणजे जवळजवळ ११ किलोमीटर (नेमके १०,९७३ मीटर). सुरुवातीचा वेग शून्य. आता वहीत मांड : १०,९७३ चा वर्ग, भागिले २७४ ची दुप्पट. उत्तर येते दर सेकंदाला प्रतिसेकंद सुमारे २ लाख १९ हजार मीटर. याला गुरुत्व त्वरण ९.८ ने भाग, म्हणजे गुरुत्वाच्या २२ हजार पटींहून जास्त. ५० किलोच्या मुलाला आपले वजन त्या क्षणी ११०० टनांहून अधिक भासेल. तोफेच्या नळीतला सगळा प्रवास सेकंदाच्या विसाव्या भागात संपतो आणि त्यातून कुणी जिवंत राहत नाही. व्हर्नने गोळ्याच्या तळाशी धक्का शोषायला तीन फूट पाणी ठेवले आहे. धक्का बसणार हे त्याला माहीत होते, म्हणूनच ते ठेवले. पण पाणी झाले तरी थांबण्याचे अंतर तीनच फूट. खऱ्या रॉकेटमध्ये इंजिन कित्येक मिनिटे जळते, वेग हळूहळू चढतो आणि अंतराळवीरांना साधारण तीन ते चार पट भार सोसावा लागतो.

हिशेब करताना मुलांची गल्लत ठरलेली असते. फूट आणि यार्ड तसेच ठेवून उत्तर काढतात, किंवा किलोमीटरचे मीटर करायला विसरतात. वर्ग केला की ती चूक दहा लाख पट होते. म्हणून सगळे आधी मीटर-सेकंदात आण.

आता दुसरा भाग, आणि तो जास्त महत्त्वाचा. विज्ञानकथेला एक ‘जर’ माफ असतो. ‘जर माणूस तोफेतून सुखरूप उडू शकला’, हा व्हर्नचा जर. तो आपण मान्य करतो, कारण त्याशिवाय गोष्टच सुरू होत नाही. मात्र त्या एका जरनंतर बाकी सगळे नियम पाळले गेले पाहिजेत. व्हर्नने बरेच पाळले. लागणारा वेग त्याने ११ किलोमीटरच्या आसपास धरला. दहावीत तू मुक्तिवेग, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, शिकशील, तो सेकंदाला ११.२ किलोमीटर आहे. तोफ त्याने फ्लोरिडात ठेवली, विषुववृत्ताच्या शक्य तितकी जवळ, आणि अमेरिकेची चांद्रयानेही पुढे तिथूनच सुटली.

पण याच कथेच्या दुसऱ्या भागात प्रवासी तरंगतात ते फक्त एका ठिकाणी, पृथ्वी आणि चंद्राची ओढ सारखी होते तिथे. हे चूक आहे. इंजिन नसलेल्या गोळ्यात गोळा आणि माणसे एकाच त्वरणाने जात असतात, त्यामुळे हवेच्या बाहेर पडल्यापासून ते तरंगायला हवेत. या चुकीची गोष्टीला गरज नव्हती. तोफेला ‘माफ’ आणि तरंगण्याला ‘चूक’ असे दोन वेगळे शिक्के मारता आले, की वर्गातला वाद बराच मिटेल.

एच. जी. वेल्सचा अदृश्य माणूस (१८९७) याच कसोटीवर लावून बघ. शरीरातून प्रकाश आरपार गेला तर डोळ्यांच्या पडद्यावरही तो थांबणार नाही, प्रतिमा उमटणार नाही, आणि माणूस आंधळा होईल. वेल्सला हे ठाऊक होते. डोळ्याच्या पडद्यामागे थोडे रंगद्रव्य शिल्लक राहिले, असे एक वाक्य त्याने टाकून ठेवले आहे. शिवाय बाकीचा जर त्याने किती कसून पाळला बघ : खाल्लेले अन्न पचेपर्यंत दिसत राहते, बर्फ अंगावर साचून आकार उघडा पडतो, आणि कपडे दिसतील म्हणून ऐन थंडीत उघड्याने फिरावे लागते. अदृश्य होण्याची मजा हां हां म्हणता संपते. जरची किंमत कुणीतरी मोजतो, हे दाखवणारी गोष्ट वाचनीय. ‘खोटे विज्ञान’ या एका कारणासाठी ती टाकून देऊ नकोस.

प्रश्न : मुलगा मराठी माध्यमात, नववीत. परदेशी विज्ञान कादंबऱ्या इंग्रजीतून वाचायचा हट्ट आहे, पण वीस पानांत अडकतो. संक्षिप्त आवृत्ती द्यावी का?
– एक पालक, धायरी

संक्षिप्त आवृत्तीत कात्री बहुतेक वेळा कारणमीमांसेवर चालते, आणि विज्ञानकथेचा जीव तिथेच असतो. उरते ती नुसती पळापळ. त्यापेक्षा चांगला मराठी अनुवाद बरा. व्हर्न मराठी मुलांपर्यंत पोचवण्याचे मोठे काम भा. रा. भागवतांनी केले. त्यांची भाषा अशी आहे की मूल अडखळत नाही.

इंग्रजीच वाचायचे असेल तर आधी तो अडकतो कुठे ते पाहा. दोन कारणे असतात. पहिले, साधे इंग्रजी शब्द अडणे. एखादे मधले पान मोठ्याने वाचायला सांगा. एका पानात पाचापेक्षा जास्त शब्द अडले, तर ते पुस्तक सहा महिन्यांनी. दुसरे कारण विज्ञानकथेचे खास आहे : लेखकाने बनवलेले शब्द. यंत्रांची, ग्रहांची, कायद्यांची नावे पहिल्या प्रकरणापासून येतात आणि अर्थ सांगितलेला नसतो. शब्दकोशात ती सापडत नाहीत, आणि मुलाला वाटते आपलेच इंग्रजी कच्चे. त्याला सांगा की हे शब्द लंडनच्या मुलालाही नवेच असतात. पुस्तकात एक कोरी पट्टी ठेवायची, नवा शब्द आला की पेन्सिलने टिपायचा आणि पुढे जायचे. तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी पट्टी काढून समोर अर्थ लिहायचे. निम्म्याहून जास्त शब्द संदर्भाने कळलेले असतात. पहिल्या पानापासून शब्दकोश घेऊन बसणारी मुले हमखास अडकतात.

इंग्रजी व्हर्न घेताना आणखी एक काळजी घ्या. स्वस्त पुनर्मुद्रणांत बऱ्याचदा एकोणिसाव्या शतकातले, हक्क संपलेले अनुवाद वापरतात. समुद्राखालच्या प्रवासाच्या कादंबरीचा लुईस मर्सियरने केलेला जुना इंग्रजी अनुवाद मूळ मजकुराचा सुमारे चौथा भाग गाळतो, आणि मोजमापांतही चुका करतो. पुस्तकाच्या श्रेयपानावर अनुवादकाचे नाव बघा. नावच नसेल तर संशय घ्या. या कादंबरीच्या नावातले ‘वीस हजार लीग’ म्हणजे खोली, असा समजही सर्रास आहे. फ्रेंच लीग चार किलोमीटरचा, म्हणजे ८०,००० किलोमीटर : पृथ्वीला दोन प्रदक्षिणा. ते पाणबुडीने कापलेले अंतर आहे.

आणि त्या पाणबुडीचा कॅप्टन नेमो कोण, हे त्याला जरूर शोधू द्या. १८७५ च्या ‘रहस्यमय बेटा’च्या कादंबरीत उलगडते की नेमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, टिपू सुलतानच्या घराण्याशी नाते असलेला आणि १८५७ च्या उठावात लढलेला. जुन्या इंग्रजी अनुवादात त्याचे इंग्रजांविरुद्धचे बोलणे बदलून टाकले होते. नवा अनुवाद का घ्यायचा, याचे याहून चांगले कारण मराठी मुलाला देता येणार नाही.

प्रश्न : बारा वर्षांच्या मुलीने मैत्रिणीकडून ‘द हंगर गेम्स’ आणले आहे. त्यात मुलं मुलांना मारतात असं ऐकलं. वाचू द्यावं का?
– एक पालक, हडपसर

ऐकलेले खरे आहे. २००८ च्या या कादंबरीत ठिकठिकाणच्या मुलामुलींना चिठ्ठ्या टाकून निवडतात आणि एकच उरेपर्यंत लढायला लावतात, तेही टीव्हीवर. लेखिका हिंसेची मजा घेत नाही, पण मृत्यू जवळून दिसतात. पहिला एक-तृतीयांश भाग तयारीचा आहे. तेवढा आधी तुम्ही वाचा आणि मग ठरवा. आमच्या मते तेरा-चौदा हे वय बरे, आणि बाराव्या वर्षी दिलेच तर घरातल्या मोठ्या माणसाने सोबत वाचावे.

मात्र पालक हिंसेची पाने मोजतात आणि खरे हादरवणारे पुस्तक नजरेतून सुटते. लोइस लोरी यांचे ‘द गिव्हर’ (१९९३) बारीक चणीचे, सोप्या इंग्रजीतले आणि रक्ताचा थेंबही जवळजवळ नसलेले पुस्तक आहे. पण एकोणिसाव्या प्रकरणात एका तान्ह्या बाळाचे जे होते, ते शांतपणे, नेहमीचे काम उरकावे तसे सांगितले आहे. घरात लहान भावंड असलेल्या मुलांना ते फार लागते. पुस्तक उत्तम आहे, जरूर द्या. फक्त त्या दिवशी मूल एकटे असू नये, आणि लगेच “काय शिकलीस?” असे विचारू नये. ती स्वतः बोलेपर्यंत थांबा.

‘द मार्शन’विषयीही दोन पत्रे आहेत. मंगळावर अडकलेला माणूस बटाटे पिकवून तगतो, आणि प्रत्येक पावलाचा हिशेब पानावर मांडलेला आहे. गणित आवडणाऱ्या मुलांना ते सोडवत नाही. अडचण भाषेची : पहिल्याच वाक्यात शिवी आहे. शाळांसाठी शिव्या काढलेली वेगळी आवृत्ती २०१६ साली निघाली, तीच मागा. सुरुवातीचे वादळ मात्र वरच्या उत्तरातल्या ‘माफ’ खात्यात जमा करा. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे तिथला वारा यान कलंडवू शकत नाही. लेखकाने स्वतःही हे मान्य केले आहे.

प्रश्न : निवृत्त शिक्षिका आहे. सोसायटीतल्या मुलांसाठी विज्ञानकथांचा वाचनगट सुरू करायचा आहे. कसा चालवावा?
– सहकारनगर

बाई, सहा ते आठ मुले, बारा ते पंधरा वयाची, पंधरा दिवसांतून एकदा सव्वा तास. दहापेक्षा जास्त मुले झाली की दोघे-तिघेच बोलतात. एका बैठकीला एकच कथा, पंधरा पानांच्या आतली. “घरी वाचून या” म्हणू नका. निम्मी मुले न वाचता येतात आणि शरमेने पुढच्या वेळी येतच नाहीत. तिथेच, आळीपाळीने, मोठ्याने वाचा.

कथेच्या साधारण दोन-तृतीयांशावर थांबा. पुस्तक मिटा आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. ‘आता काय होईल, आणि तसे का?’ पाच मिनिटे, न बोलता. लिहिणे आवश्यक आहे, कारण तोंडी विचारले की पहिल्या हुशार मुलाचे उत्तर सगळ्यांचे होते. चिठ्ठ्या वाचून दाखवा, मग कथा पूर्ण करा. चर्चेला तीनच प्रश्न पुरतात. या गोष्टीतला ‘जर’ कोणता? लेखकाने तो कुठे मोडला? हा जर आपल्या पुण्यात खरा झाला तर उद्या सकाळी काय बदलेल? तिसऱ्या प्रश्नावर मुले सर्वांत जास्त रमतात. शेवटी प्रश्नमंजूषा, गुण, बक्षीस असे काही ठेवू नका. ते आले की ही शाळाच होते.

पहिल्या बैठकीला नारळीकरांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ घ्या. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून गेली असती तर, हा तिचा जर. पानिपत मुलांना ठाऊक असते, त्यामुळे शास्त्राची भीती वाटत नाही, आणि पर्यायी विश्वाची कल्पना हळूच आत येते. गटात सीबीएसईची मुले असतील तर या कथेचे इंग्रजी रूप, ‘द ॲडव्हेंचर’, एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात नेमलेले आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचता येतील.

दोन-तीन बैठका झाल्या की मुलांना बाहेर काढा. आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने होत आली आहेत. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण पाहायला मिळते : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. परग्रहावरून संदेश येण्याची कथा त्याआधीच्या बैठकीत वाचलेली असावी. मग त्या तबकड्यांखाली मुले विचारतात ते प्रश्न फार चांगले असतात. तारीख आणि नोंदणी मात्र संस्थेकडे आधी विचारून घ्या.

प्रश्न : जुनी विज्ञानकथांची पुस्तके, दिवाळी अंक पुण्यात कुठे मिळतील?
– तीन वाचक, पिंपरी, येरवडा आणि नारायण पेठ

नवी पुस्तके अप्पा बळवंत चौकात आणि बाजीराव रस्त्यावर. जुनी, छपाईबाहेर गेलेली हवी असतील तर नारायण पेठेतले पुणे मराठी ग्रंथालय आणि १८४८ पासून चालू असलेले पुणे नगर वाचन मंदिर. ग्रंथपालाला लेखकाच्या नावाने विचारा. ‘विज्ञानकथा’ म्हणून विचारले तर बऱ्याचदा विज्ञानविषयक लेखांची पुस्तके हातात येतात. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ यांच्या जुन्या दिवाळी अंकांत विज्ञानकथा भरपूर सापडतात. त्यांत भयकथाही शेजारीच असतात, तेव्हा लहान मुलाला देण्याआधी अनुक्रमणिका पाहा. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात.

जुना अंक किंवा पुस्तक रस्त्यावर घेताना पैसे देण्याआधी पृष्ठक्रमांक तपासा. पुस्तक फर्म्या-फर्म्याने शिवलेले असते, बहुधा १६ पानांचा एक फर्मा, आणि शिवण सुटली की अख्खा फर्माच गळतो. म्हणून एकेक पान उलटत बसण्यापेक्षा १६, ३२, ४८, ६४ या पानांच्या पुढचे पान बरोबर आहे ना, एवढे बघा. शेवटचा फर्मा सर्वांत आधी सुटतो. कथासंग्रह असेल तर शेवटच्या कथेचे शेवटचे पान जागेवर आहे ना, हे उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका.